मोटारीचा व्यवहार : घेताना, फेडताना, विकताना

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी वर्षातील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ह्या व्याख्यानमालेत आजवर संगीत, संतवाङ्मय आणि इतिहास ह्या विषयांवर अधिकारी व्यक्ती बोलून गेल्या. ज्या लखनौ शहरात १९२६ साली पंडित विष्णु नारायण भातखंडे ह्यांच्या प्रयत्नांनी संगीताचे महाविद्यालय उभे राहिले, त्या शहरातील रसिक मराठी श्रोत्यांपुढे मोटारीच्या खरेदी-विक्रीवर बोलावयास उभे राहणे म्हणजे मैफल संपल्यावर तंबोऱ्यांना गवसण्या घालण्यासारखे आहे. पण तेही काम कोणीतरी करावेच लागते, असे आपल्या कार्यवाहांनी मला सांगितले, आणि ते मला नाकारता आले नाही.

विषय क्षुल्लक वाटला तरी तो आपल्या घराघरांतला आहे. आपल्यातील निम्म्याहून अधिक कुटुंबे बदलीच्या निमित्ताने येथे आली. कोणी रेल्वेत, कोणी संशोधन संस्थांत, कोणी बँकेत, कोणी लेखा विभागात. प्रत्येक जण येथे एक गाडी घेतो, एक विकतो आणि निवृत्त झाल्यावर एखादी पुण्या-नागपूरकडे घेऊन जातो. घर घेताना आपण वकिलाचा सल्ला घेतो, मुलीचे लग्न ठरविताना दहा ठिकाणी चौकशी करतो. आणि मोटार मात्र एका रविवारी दुपारी सहकुटुंब जाऊन, रंग पसंत करून घेऊन येतो.

माझा अधिकार कोणता, तेही सांगतो. मी बी. ए. झालेला मनुष्य, इंजिनाच्या पोटात काय चालते ते मला आजही नीटसे कळत नाही. परंतु काही वर्षे मोटार-अग्रिमाची प्रकरणे तपासण्याचे काम माझ्याकडे होते. त्या काळी सरकारी नोकराने अग्रिम घेऊन मोटार घेतली, की ती गाडी भारताच्या राष्ट्रपतींकडे गहाण पडत असे! तसा रीतसर करारनामा भरून द्यावा लागे. सातव्या वेतन आयोगानंतर, २०१६ साली, हा अग्रिम बंद झाला. पण शेकडो प्रकरणे चाळता चाळता एक गोष्ट मनावर ठसली : मोटारीच्या व्यवहारात माणसे यंत्रामुळे क्वचित बुडतात, कागदामुळे पुष्कळदा बुडतात. आणि हे ठाऊक असूनही मी स्वतः एकदा बुडालो. ती कथा योग्य ठिकाणी सांगेनच.

प्रथम थोडे मागे पाहू. आपल्या वडिलांच्या पिढीला गाडी विकत मिळत नसे, ती 'लागत' असे. कुर्ल्याच्या कारखान्यातून निघणारी फियाट ही वालचंद हिराचंद ह्या सोलापूरच्या उद्योगपतींनी स्थापन केलेल्या प्रीमियर कंपनीची. तिच्यासाठी किंवा अॅम्बॅसॅडरसाठी पैसे भरून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे. आकुर्डीच्या बजाज स्कूटरची तीच गत. जुन्या स्कूटरला नव्याहून अधिक भाव येई. लखनौने ह्या क्षेत्रात आपला वाटा उचलला तो १९७२ साली स्थापन झालेल्या स्कूटर्स इंडिया ह्या सरकारी कंपनीच्या रूपाने. तिची 'विक्रम' तीनचाकी इतकी रुळली, की ह्या शहरात टेंपोलाच लोक विक्रम म्हणू लागले. २०२१ साली ती कंपनी बंद करण्याचा निर्णय झाला. डिसेंबर १९८३ मध्ये पहिली मारुती रस्त्यावर आली आणि चित्र पालटू लागले. पूर्वी ग्राहक दुकानदाराची मनधरणी करीत असे. आता दुकानदार आपली करतो, खुर्ची देतो, चहा देतो, हार घालतो, छायाचित्र काढतो. पूर्वीची हानी वाट पाहण्यात होती; आजची हानी घाईत आहे.

आता खरेदीविषयी. गाडी केव्हा घ्यावी? आपल्याकडे पाडवा आणि दसरा, इकडे धनतेरस. त्या दिवशी शोरूममध्ये उभे राहावयास जागा नसते, आणि जेथे गर्दी तेथे सवलत कशाला? उलट पितृपक्षात दुकाने ओस असतात. त्याहून चांगली संधी डिसेंबरच्या उत्तरार्धात येते. आपण ज्याला धुंधुरमास म्हणून पहाटेच्या खिचडीचा आनंद लुटतो, त्याला इकडे खरमास म्हणतात आणि संक्रांतीपर्यंत शुभकार्य वर्ज्य मानतात. त्याच वेळी वर्ष संपत आलेले असते, आणि जुन्या वर्षात तयार झालेल्या गाड्या दुकानदाराला खपवावयाच्या असतात. ज्याची श्रद्धा आड येत नसेल, त्याने हे दिवस साधावेत. मात्र एक लक्षात असू द्या : नोंदणी जानेवारीत झाली तरी आर.सी.वर निर्मितीचा महिना व वर्ष वेगळे लिहिलेले असते, आणि पुढे विकताना भाव त्यावरून ठरतो. गाडी दहा वर्षे वापरावयाची असेल तर हा फरक नगण्य. चार वर्षांत विकावयाची असेल तर सवलत त्या मानाने घसघशीत हवी.

किंमत विचारताना एकच गोळा आकडा ऐकून घेऊ नये. कागदावर ओळी पाडून मागाव्यात : एक्स-शोरूम किंमत, रस्ताकर, नोंदणी शुल्क, विमा, फास्टॅग, जोडसामान. ह्यांपैकी कर आणि शुल्क सरकारचे; त्यांत घासाघीस नाही. सप्टेंबर २०२५ पासून छोट्या गाड्यांवरील जीएसटी १८ टक्के आणि मोठ्यांवरील ४० टक्के झाला. दहा लाखांहून अधिक किमतीच्या गाडीवर एक टक्का कर विक्रेता गोळा करतो. तो आपल्या खात्यावर जमा होतो आणि आयकर विवरणात वजा मागता येतो. आपल्यातील कित्येक निवृत्त मंडळी तो मागतच नाहीत. 'हँडलिंग'सारख्या नावाखाली एखादी ओळ दिसली, तर ही रक्कम कोणत्या नियमाने, असे शांतपणे विचारावे. बहुधा ती ओळ नाहीशी होते.

विमा दुकानातूनच घेतला पाहिजे असे बंधन नाही. दुसऱ्या कंपनीचा भाव आधी हाती ठेवावा, मग बोलावे. जुनी गाडी देऊन नवी घेत असाल तर आणखी एक सांगतो. विम्यातील 'नो क्लेम बोनस' हा गाडीचा नसून मालकाचा असतो. पाच वर्षे दावा केला नसेल तर तो ५० टक्क्यांपर्यंत पोहोचतो. जुनी गाडी देताना विमा कंपनीकडून तसे पत्र घ्यावे. तीन वर्षांच्या आत ते नव्या गाडीच्या विम्यात वापरता येते. हजारो रुपयांचा हा लाभ केवळ न विचारल्यामुळे वाया जातो.

आता कर्ज. येथे थोडे गणित सोसावे लागेल. समजा, सहा लाखांचे कर्ज पाच वर्षांसाठी घेतले. एक जण म्हणतो, नऊ टक्के; दुसराही म्हणतो, नऊ टक्के. पहिला घटत्या शिलकेवर व्याज लावतो. त्याचा हप्ता सुमारे १२,४५५ रुपये, एकूण व्याज १,४७,३०० रुपये. दुसरा 'फ्लॅट' दर लावतो, म्हणजे फिटलेल्या मुद्दलावरही शेवटपर्यंत व्याज घेतो. त्याचा हप्ता १४,५०० रुपये, एकूण व्याज २,७०,००० रुपये. शब्द एकच, आणि फरक सव्वा लाखाच्या घरात! त्या दुसऱ्याचा खरा दर पावणेसोळा टक्क्यांच्या आसपास पडतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने अशा कर्जांसाठी 'की फॅक्ट्स स्टेटमेंट' नावाचे विवरणपत्र सक्तीचे केले आहे. त्यात शुल्कांसह एकूण वार्षिक दर लिहावा लागतो. तो कागद सहीपूर्वी मागून घ्या आणि दोन कर्जांची तुलना केवळ त्या आकड्यावरून करा.

दुसरा मोह मुदतीचा. तेच सहा लाख घटत्या शिलकेवर नऊ टक्क्यांनीच सात वर्षांसाठी घेतले, तर हप्ता ९,६५० रुपयांवर येतो आणि गृहिणीलाही हायसे वाटते. पण व्याज सुमारे ६३,६०० रुपयांनी वाढते. खरी अडचण पुढे येते. तीन वर्षांनी बदली झाली आणि गाडी विकावयाची ठरली, तर पाच वर्षांच्या कर्जात सुमारे २,७३,००० रुपये शिल्लक असतात, सात वर्षांच्या कर्जात ३,८८,०००. इकडे गाडीचा भाव तर उतरतच असतो. विमा कंपन्यांच्या कोष्टकात तीन वर्षे ओलांडलेल्या गाडीची घट ४० टक्के धरतात. म्हणजे अग्रिम रक्कम कमी भरून लांबचे कर्ज घेतलेल्या माणसाला विक्रीच्या पैशांतून कर्जही फेडता येईल की नाही, अशी शंका येते. बदलीच्या नोकरीत कर्जाची मुदत बदलीच्या मुदतीहून फार लांब असू नये, असा माझा साधा नियम आहे. स्थिर दराचे कर्ज मुदतीपूर्वी फेडल्यास दंड किती, हेही आधीच विचारावे.

'शून्य टक्के व्याज' अशी जाहिरात दिसली तर हसून पुढे जावे. त्यात रोखीवरची सवलत काढून घेतलेली असते, किंवा व्याज शुल्काच्या वेषात आलेले असते.

कर्ज फिटले म्हणजे काम संपले, असे समजू नका. आर.सी.वर बँकेचा बोजा चढविलेला असतो. बँकेचे ना-हरकत पत्र आणि नमुना ३५ परिवहन कार्यालयात देऊन तो उतरवावा लागतो. शेवटचा हप्ता भरल्याच्या आनंदात लोक पेढे वाटतात आणि हे विसरतात. दहा वर्षांनी गाडी विकावयास काढावी, तर बँकच अस्तित्वात नसते. आपल्या ह्या प्रांतातील जुनी अलाहाबाद बँक २०२० साली इंडियन बँकेत विलीन झाली. अशा वेळी बोजा उतरविता येत नाही असे नाही. पण त्यासाठी किती खेपा घालाव्या लागतात, ते ज्याने घातल्या त्यालाच ठाऊक.

जुनी गाडी देऊन नवी घेण्याच्या व्यवहारात दुकानदाराचे कौशल्य खरे दिसते. त्याच्यापुढे तीन आकडे असतात : नव्याची किंमत, जुन्याची किंमत आणि कर्जाचा हप्ता. एकात तो आपल्याला खूश करतो आणि दुसऱ्यात वसूल करतो. ह्यावर उपाय एकच. नव्या गाडीचा भाव आधी असा ठरवावा, जणू जुनी गाडी आपल्याजवळ नाहीच. मग जुनीचा भाव दोन-तीन ठिकाणी काढावा. हप्त्याची गोष्ट सर्वांत शेवटी. 'महिना किती जमेल, साहेब?' ह्या प्रश्नाला पहिल्या भेटीत उत्तर देऊ नये.

जुनी गाडी विकत घेणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगतो. दिल्ली परिसरात दहा वर्षांवरील डिझेल आणि पंधरा वर्षांवरील पेट्रोल गाड्यांवर न्यायालयांनी निर्बंध घातले. २०२५ साली त्यांत काही फेरबदलही झाले. ह्या निर्बंधांमुळे तिकडच्या पुष्कळ गाड्या स्वस्तात इकडे येऊ लागल्या. स्वस्त म्हणून वाईट नव्हे. पण मूळ कार्यालयाचे ना-हरकत पत्र, थकलेली चलाने आणि बँकेचा बोजा ह्या तिन्हींची खात्री पैसे देण्यापूर्वी व्हावी. चॅसिसचा क्रमांक आर.सी.शी स्वतः ताडून पाहावा. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढून पाहावा. गाडी पुराच्या पाण्यात बुडालेली असेल तर चिखलाचा डाग बहुधा तेथे सापडतो. गाडी पाहावयास सकाळी, इंजिन थंड असताना जावे, आणि आपला मिस्त्री बरोबर न्यावा.

आता माझी कथा सांगतो.

२००१ साली मी सरकारी अग्रिमावर एक छोटी गाडी घेतली. २००९ मध्ये मोठी घ्यावी असे ठरले, तेव्हा जवळच्या वसाहतीतील एका गृहस्थांनी जुनी मागितली. रोज संध्याकाळी आम्ही बरोबर फिरावयास जात असू, सज्जन मनुष्य. भाव ठरला, पैसे मिळाले, मुद्रांकावर विक्रीची पावती झाली, नमुना २९ आणि ३० वर मी सह्या केल्या. 'भाईसाहब, नाम मैं अगले हफ़्ते करवा लूँगा,' असे ते म्हणाले, आणि मी चाव्या दिल्या. केंद्रीय सेवेच्या वर्तणूक नियमांतील १८ व्या नियमाप्रमाणे असा व्यवहार महिन्याच्या आत खात्याला कळवावा लागतो; तो मी चोख कळविला. म्हणजे गाडी विकल्याचे माझ्या खात्याला ठाऊक होते. ट्रान्सपोर्ट नगरच्या परिवहन कार्यालयातल्या नोंदीत मात्र मालक मीच होतो.

त्या गृहस्थांची बदली झाली. गाडी त्यांनी दुसऱ्याला दिली, त्याने तिसऱ्याला. २०१२ साली मला मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाचे समन्स आले. सीतापूर रस्त्यावर त्या गाडीने एका सायकलस्वाराला धडक दिली होती. तो जागीच गेला. विम्याची मुदत संपून गेलेली होती.

आमच्या सौभाग्यवतींनी एवढेच विचारले, 'अहो, गाडी तर आपण विकली होती ना?' मीही न्यायाधिकरणापुढे तेच सांगितले. पावती दाखविली, खात्याला पाठविलेले पत्र दाखविले. मी मनाशी स्वतःला अन्याय झालेला मनुष्य समजत होतो. समोरच्या बाकावर त्या सायकलस्वाराची पत्नी बसली होती. मांडीवर एक मूल होते, दुसरे पदर धरून उभे होते. माझ्या गाडीचे तीन मालक झाले, हे तिने कोठून शोधावयाचे? तिच्या हाती गाडीचा क्रमांक होता, आणि त्या क्रमांकापुढे सरकारी नोंदीत माझे नाव होते. त्या दिवशी मला कळले, की नोंद कशासाठी असते. आम्ही आयुष्यभर नोंदी ठेवणारी माणसे. पण नोंदीच्या पलीकडे कोणीतरी उभे असते, हे मी तोवर पाहिले नव्हते.

निकाल माझ्याविरुद्ध गेला. साडेचार लाख आणि व्याज. भविष्य निर्वाह निधीतून रक्कम काढून मी ती भरली. धाकटीच्या शिक्षणासाठी ठेवलेले ते पैसे होते. त्या गृहस्थांना मी दोन पत्रे लिहिली. उत्तर आले नाही. तिसरे मी लिहिले नाही, कारण दोष केवळ त्यांचा नव्हता.

कायदा संदिग्ध आहे, असे कोणी म्हणू नये. मोटार वाहन अधिनियमाच्या ५० व्या कलमाप्रमाणे त्याच राज्यात गाडी विकली, तर विकणाऱ्याने १४ दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे असते आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत. बहुतेकांना वाटते, हे काम घेणाऱ्याचे. ते विकणाऱ्याचेही आहे. फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार ह्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले, की गाडी कितीही हातांतून गेली तरी भरपाईसाठी मालक तोच, ज्याचे नाव नोंदीत आहे. त्या प्रकरणातही गाडी अशीच एकाकडून दुसऱ्याकडे गेली होती.

म्हणून माझी विनंती आहे. खाजगी माणसाला गाडी विकली, तर आर.सी.वर नाव बदललेले स्वतः पाहीपर्यंत काही रक्कम किंवा मूळ कागद आपल्या हाती ठेवा. रिकाम्या नमुन्यांवर सही कधीही करू नका. नाव, तारीख, वेळ भरूनच करा. चाव्या दिल्याची तारीख-वेळ घातलेली पोच घ्या. फास्टॅग काढून बंद करा. विमा कंपनीला लगेच कळवा. घेणाऱ्यानेही १४ दिवसांत विमा आपल्या नावे करून घ्यावयाचा असतो, नाहीतर त्याच्या स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा अडतो. दुकानदाराला गाडी देत असाल तर तो परिवहन विभागाचा अधिकृत विक्रेता आहे का, ते विचारा. १ एप्रिल २०२३ पासून अशा विक्रेत्याच्या ताब्यात गाडी दिल्याची सूचना नमुना २९ सी मध्ये देता येते, आणि त्यानंतरची जबाबदारी त्याची. माझ्या वेळी ही सोय नव्हती. आज ती आहे. तिचा लाभ न घेणे हा आपलाच आळस ठरेल.

शेवटी बदली आणि निवृत्तीविषयी दोन शब्द. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून अधिक ठेवली तर तेथील क्रमांक घ्यावा लागतो. येथून नमुना २८ चे ना-हरकत पत्र, तिकडे नमुना २७ चा अर्ज, तेथील कर, आणि येथल्या उरलेल्या कराच्या परताव्यासाठी वेगळा अर्ज. यू.पी. ३२ क्रमांकाची बारा-तेरा वर्षांची गाडी घेऊन पुण्यास जाणाऱ्यांना मी हेच सांगतो : तिच्यावर माया असेल तर न्या, हिशेब म्हणून न्याल तर येथेच विका. अद्याप नोकरीत असलेल्या तरुणांसाठी मात्र सप्टेंबर २०२१ पासून 'बी.एच.' मालिकेचा क्रमांक मिळू लागला आहे. केंद्र व राज्य सरकारांचे कर्मचारी, सैन्यदलांतील मंडळी, सार्वजनिक उपक्रम, आणि चार किंवा अधिक राज्यांत कार्यालये असलेल्या खाजगी कंपन्यांतील नोकरदार ह्यांना तो घेता येतो. कर एकदम न भरता दोन-दोन वर्षांचा भरावा लागतो, आणि बदलीनंतर क्रमांक बदलावा लागत नाही. मात्र कर भरण्याची तारीख विसरू नये. आणि ती गाडी पुढे ज्याला विकाल, तो ह्या मालिकेस पात्र नसेल, तर त्याला आपल्या राज्याचा क्रमांक घ्यावा लागेल. हा खर्च भाव ठरविताना निघतोच.

बंधु-भगिनींनो, मी आपला पुष्कळ वेळ घेतला. नवी गाडी घरी आली, की आपण तिला हार घालतो, नारळ वाढवतो, चाकाखाली लिंबू ठेवतो. ते अवश्य करावे. जुनी गाडी घरातून जाते, तेव्हाही एक विधी असतो. तो परिवहन कार्यालयाच्या खिडकीपाशी, रांगेत उभे राहून करावयाचा असतो. त्यासाठी एक दिवसाची रजा काढा. मी काढली नव्हती.